कान्हेरीच्या उतारावर धावून आलेल्यांचे आभार

गेल्या रविवारी सकाळी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांहून चालत परतताना, वळणावरच्या बारीक खडीवरून आईचा पाय घसरला. घोटा पाहता पाहता सुजला. मुख्य दरवाजापासून लेण्यांपर्यंतचा हा सुमारे ६ किलोमीटरचा रस्ता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा एकच. वरून सायकली वेगात येत होत्या आणि आईला बाजूलाही घेता येत नव्हतं.

दोन सायकलस्वार मुलं थांबली. एकानं वळणाच्या वर जाऊन आपली सायकल रस्त्यात आडवी लावली आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवत "हळू, हळू, आजी बसल्यात" असं सांगत उभा राहिला. दुसरा वनरक्षकांना कळवायला खाली गेला. त्यांनी गाडी आणली आणि आईला स्वतः आधार देऊन बसवलं.

काकडी विकणाऱ्या मावशी मात्र मला रोज आठवतात. टोपली तशीच सोडून त्या आल्या. आईचा पाय मांडीवर घेतला, डोक्यावरचा पंचा पाण्यात भिजवून घोट्याला गुंडाळला. तोवर माकडांनी टोपलीतल्या काकड्या पळवल्या, तरी त्या उठल्या नाहीत. पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "आईच्या पायाचे कसले पैसे?"

हाड मोडलेलं नाही, आई आता घरात चालते. मावशी, पंचा धुऊन ठेवलाय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.