खुले पत्र: 'पूर्वेतिहास नाही' हे कोणी ठरवले?

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

दाभोळ खाडीकाठच्या आमच्या मूळ गावासाठी त्सुनामीच्या इशाऱ्याचा भोंगा बसवावा आणि लाट आल्यास कोणत्या चढाने वर जायचे याचा नकाशा लावावा, एवढाच माझा अर्ज होता. 'दोन महिन्यांत बैठक घेऊ' असा शब्द मिळाला होता. चौदा महिन्यांनी, गेल्या आठवड्यात, उत्तर आले: 'सदर किनाऱ्यास त्सुनामीचा पूर्वेतिहास नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

हा निर्वाळा देणाऱ्या विद्वानांना माझा दंडवत सांगावा. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांत सुमारे 2 मीटर उंचीच्या लाटा मुंबईला पोहोचून माणसे वाहून गेली. 1524 साली तर वास्को द गामाच्या जहाजांना दाभोळजवळच भर समुद्रात हादरे बसल्याचे पोर्तुगीज लिहून गेले आहेत. शिवाय 1945 साली मकरानचा फक्त पूर्वेकडील भाग फुटला. त्यामुळे ती लाट हीच कमाल मर्यादा मानता येत नाही, आणि तीच लाट उधाणाच्या भरतीवर आली असती तर पाणी कुठवर चढले असते, हा हिशेब निराळाच.

जपानमध्ये 869 सालच्या त्सुनामीने आत आणलेली वाळू सेंदाईच्या शेतांखाली सापडली होती, तरी फुकुशिमा अणुवीज केंद्राची तयारी 5.7 मीटरच्या लाटेपुरतीच राहिली आणि 2011 मध्ये त्याच्या दुपटीहून उंच पाणी आले. आपल्या खाड्यांच्या गाळात नळ्या ठोकून असे थर शोधावेत, वादळाची वाळू कोणती आणि त्सुनामीची कोणती हे तपासावे, जुनी दफ्तरे चाळावीत, मग 'नाही' म्हणावे. पेशवे दफ्तर इथे पुण्यातच आहे, माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतके जवळ. पण इतिहास म्हटला की सरकारला पुतळा आणि जयंतीच आठवते.

या अर्जापायी मी सकाळची डेक्कन क्वीन पकडून चार की पाच वेळा मुंबईला आलो. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेला माणूस, लिफ्ट बंद, बाकावर दुपारचे चार वाजेपर्यंत बसलेला, आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे एकच वाक्य. एकदा परतीला लोणावळ्यापर्यंत उभा होतो. सौभाग्यवतींनी तेव्हाच सांगितले होते की, तुमची लाट येईल, पण साहेब येणार नाहीत.

किल्लारीलाही भूकंपाचा पूर्वेतिहास नव्हता, महोदय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आपल्याकडे आधी माणसे मरतात, मग समिती बसते आणि मग नकाशाचा रंग बदलतो. 2007 पासून हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचे इशारे निघतात. मकरानची लाट कोकणात यायला तास लागतात, म्हणजे वेळ हाताशी आहे. पण रात्री दोन वाजता तो निरोप आमच्या वाडीत कोण सांगणार, हे कुठल्याच कागदावर नाही.

निकाली काढल्याच्या पत्रात गावाचे नाव आणि तालुका, दोन्ही चुकले आहेत. नेमके कोणत्या किनाऱ्याला पूर्वेतिहास नाही, एवढे तरी दुरुस्त करून कळवावे.

आपला,
सदाशिव पेठेतील एक निवृत्त भूगोल शिक्षक, पुणे