हात बरा आहे, काळजी नको

म्हापसा, गोवा
3 ऑगस्ट

ती. आई-आप्पांस शि. सा. नमस्कार.

आप्पांना फोनवर ऐकू येत नाही आणि तू फोनवर रडायला लागतेस, म्हणून पत्रच लिहिते. हात बरा आहे. त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, आता फक्त दातांची खूण आहे. आणि आत्याला सांग, मी वेड्यांच्या इस्पितळात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजार वेगळा आणि बौद्धिक अक्षमता वेगळी. इथे आमच्याकडे बौद्धिक अक्षमता असलेले चौदा जण राहतात, त्यांना सांभाळणारी मी ताई आहे.

चावला तो तिशीचा, बोलत नाही. त्याचं कारण कळायला तुम्हाला इथला पोदेर कळायला हवा. पोदेर म्हणजे पाववाला. आपल्याकडे पाव दुकानात जाऊन आणतात, इथे तो सकाळ-संध्याकाळ सायकलवरून दारात येतो. मागे मोठी टोपली, वर प्लास्टिक, हाताशी रबरी भोंगा. पों पों ऐकू आलं की लोक हातातलं काम टाकून फाटकाशी जातात. टोपलीत पाव, उंडे, कोंड्याची पोकळ पोई आणि बांगडीसारखं कडक काकण. त्या भोंग्यावर इथली घड्याळं चालतात म्हण ना.

हा रोज पाचच्या सुमारास कुणाला तरी चावायचा. आम्ही दोन आठवडे वही ठेवली: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग आम्ही काय केलं. वहीत दर वेळी आधी भोंगा होता. भोंगा वाजला की तो फाटकाकडे धावायचा, बाहेर गाड्या म्हणून आम्ही ओढून आणायचो, आणि काकण मिळायचं दोन तासांनी, चहाबरोबर. आता त्याच्या खिशात काकणाचं चित्र असतं. ते तो माझ्या हातात देतो, आम्ही दोघं फाटकाशी जातो, काकण तोच निवडून घेतो. चावणं पुष्कळ कमी झालं. मध्ये पावसामुळे पोदेर आला नाही, त्या दिवशी तो माझ्या हाताला चावला. चावला की हात ओढायचा नसतो, आत दाबून धरायचा, म्हणजे जबडा सुटतो. मी ओढला, ती चूक माझी.

आई, इथल्यांसारखाच माझा भाऊ सोन्याही संध्याकाळी कानावर बुक्क्या मारून घेतो म्हणालीस. त्याला रागावू नका. आधी कान आणि दात दाखवा, पोट साफ होतं का बघा. ज्याला सांगता येत नाही त्याला दुखलं की तो असंच करतो. आपण त्याला आतल्या खोलीत घालून कडी लावायचो. कडी मीच लावायचे. तेव्हा त्याचं काय दुखत होतं, ते आपण कधी विचारलंच नाही. इथे वही लिहिताना रोज आठवतं.

गणपतीला यायला जमणार नाही. काही जणांना न्यायला घरचं कुणी येत नाही, त्यांच्यापाशी कुणीतरी हवं. दिवाळीला नक्की येते. रागावू नकोस.

सहा हजार पाठवलेत. त्यातून आधी सोन्याचा डॉक्टर, मग पत्र्याचं काम. आप्पा, त्याच्यासारख्यांसाठी असलेला सरकारी निरामय आरोग्य विमा काढून घ्या, वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो. आणि तो अठराच्या पुढे गेलाय, तेव्हा कायदेशीर पालकत्वाचा अर्जही करायला हवा. त्याची समिती कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली असते. तुमच्यानंतर कोण, असं कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांगा.

नेसरीच्या स्थळाला सोन्याबद्दल अजून सांगितलं नाही म्हणालीस. आधी ते सांगा, पत्रिका मग बघा. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण लग्नाच्या दिवशी सोन्याला मामाकडे ठेवायचं म्हणत असाल तर मला ते लग्न नको.

दिवाळीला येताना काकणं आणते. कडक असतात, पण चहात बुडवली की सोन्याला चावता येतील.

तुमची,
सुमन

ता. क. कानाचं या आठवड्यातच बघा.