पिल्लाचे हाड लवकर जुळले म्हणून विम्याचा दावा फेटाळता येत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पाळीव प्राणी विमा विभाग

विषय : कुत्रीच्या पिल्लाच्या जबड्यावरील शस्त्रक्रियेचा दावा नाकारल्याबाबत तक्रार आणि फेरविचाराची मागणी

महोदय,

भुरी या माझ्या गावठी कुत्रीच्या उपचारांचा दावा आपल्या कंपनीने फेटाळला आहे. पत्रात तीन कारणे दिली आहेत. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, म्हणजे फ्रॅक्चर पॉलिसीच्या आधीचे आहे. जबड्यात प्लेट किंवा स्क्रू बसवलेले नाहीत, म्हणजे ही शस्त्रक्रिया नसून दातांचा उपचार आहे. आणि इस्पितळात ठेवण्याची गरज नव्हती. तिन्ही कारणे चुकीची आहेत आणि तिन्ही एकाच ठिकाणी चुकतात. कागद तपासणाऱ्याने भुरीचे वय विचारात घेतलेले नाही. साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा हिशेब लावला आहे.

एप्रिल महिन्यात डिचोलीतील आमच्या घराच्या फाटकाबाहेर एका मोठ्या कुत्र्याने तिचे तोंडच पकडले. सोडवेपर्यंत खालचा जबडा डाव्या बाजूने मोडला होता. हिरडी फाटली होती, लाळेतून रक्त येत होते आणि खालचे दात वरच्या दातांशी जुळत नव्हते. त्याच रात्री पणजीला नेले आणि तिथे पहिला एक्स-रे निघाला. जबडा तारेने बांधल्यावर साधारण चार आठवड्यांनी, तार काढण्याआधी, दुसरा एक्स-रे काढला. दावा भरताना मी दोन्ही जोडले होते. आपल्या पत्रात मात्र फक्त दुसऱ्याचाच उल्लेख आहे.

तो दुसरा एक्स-रे दाखवून आपण म्हणता की चार आठवड्यांत जबडा इतका जुळणे शक्य नाही. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ही शंका समजू शकते, त्याच्या जबड्याला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. पिल्लाचे तसे नसते. वाढत्या हाडावरचे आवरण, ज्याला डॉक्टर पेरिऑस्टियम म्हणतात, ते पिल्लात जाड असते, त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि नवीन हाड तयार करणाऱ्या पेशी तिथे आधीपासूनच कामाला लागलेल्या असतात, कारण पिल्लू वाढतच असते. हाड मोडले की याच आवरणातून भराभर कॅलस, म्हणजे मोडलेली टोके सांधणारे नवे हाड, तयार होतो. म्हणून इतक्या लहान वयातले फ्रॅक्चर तीन-चार आठवड्यांत धरले तर त्यात संशयास्पद काही नाही, उलट तशीच अपेक्षा असते. शिवाय जबड्याला रक्ताचा पुरवठा मुळातच चांगला असतो.

फ्रॅक्चर जुने की ताजे हे ठरवायचे असेल तर पहिला एक्स-रे पाहावा लागतो. त्यात मोडलेल्या कडा धारदार आहेत आणि कॅलसचा मागमूस नाही. जुन्या फ्रॅक्चरच्या कडा बोथट झालेल्या असतात, आजूबाजूला नवीन हाडाची छाया दिसते. आणखी एक गोष्ट आपल्याच फायलीत आहे. पॉलिसी देताना आपण पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि भुरीचे फोटो मागवले होते. जबडा मोडलेले पिल्लू ते दोन्ही टप्पे पार करून, तोंड वाकडे न दिसता, नीट खात-पीत महिनाभर कसे राहिले असते?

प्लेट न बसवल्याच्या मुद्द्याने मला सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण तिथे योग्य उपचारालाच दोष दिला आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि मोठेपणी ४२ येतात. साडेतीन महिन्यांच्या वयात ते बहुतेक पक्के दात अजून हिरडीखाली हाडातच वाढत असतात. सर्जनांनी मला एक्स-रे उजेडावर धरून दाखवला, तेव्हा दुधाच्या इवल्याशा दातांखाली पक्क्या दातांचे कोंब ओळीने दिसत होते आणि मागच्या बाजूला मोठ्या दाढेचा कोंब जबड्याची जवळजवळ सगळी उंची व्यापून होता. स्क्रू कुठे मारायचा? जिथे मारावा तिथे दात आहे. कोंबाला भोक पडले तर तो दात येतच नाही किंवा खराब होऊन येतो. म्हणून इतक्या लहान वयात शक्यतो प्लेट टाळतात.

त्यांनी काय केले ते डिस्चार्ज पेपरवर स्पष्ट लिहिले आहे. पूर्ण भूल दिली, चाव्याची जखम धुतली, फ्रॅक्चरच्या रेषेत सैल झालेला एक दुधाचा दात काढला, वरचे-खालचे दात नीट बसवून हाड जागेवर आणले, ॲक्रिलिकची खोळ बसवली आणि ती जबड्याभोवती तार फिरवून पक्की केली. तार त्वचेखालून हाडाला वळसा घालून काढावी लागते. ही मोडलेल्या हाडावरची शस्त्रक्रिया आहे. आपल्या पॉलिसीत अपघाती फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेला संरक्षण दिले आहे, प्लेट असलीच पाहिजे अशी अट कुठेही नाही. तोंडात हात घातला म्हणून ते दात साफ करण्याच्या रांगेत बसत नाही. दुसऱ्यांदा भूल का, असेही विचारले आहे. बसवलेली तार काढायलाच लागते.

आता इस्पितळातील मुक्काम. तार बांधल्यावर जबडा हलू नये म्हणून भुरीला टेपची मुसकी घातली होती, जेमतेम जिभेचे टोक बाहेर येईल एवढी फट ठेवून. माणसासारखा घाम गाळून कुत्र्याला अंग थंड करता येत नाही, ते तोंड उघडून धापा टाकते. मुसकीत ते नीट जमत नाही. गोव्यात एप्रिल-मेमध्ये रात्रीही हवा घामट असते आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यात भुलीनंतर उलटी झाली आणि तोंड बांधलेले असेल तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून सुरुवातीच्या रात्री डॉक्टरांनी तिला पंख्याखाली, माणसाच्या नजरेसमोर ठेवले. घरी आणल्यावर आम्ही ओल्या फडक्याने तिचे पोट आणि पंजे पुसत बसायचो. गाळलेली पेज आणि कोंबडीचे पाणी फटीतून सिरिंजने घालायचो. अर्धे गळ्यावरून ओघळायचे, मग मुसकी ओली झाली की बदलायची, नाहीतर खाली कातडी सोलवटायची. ही देखभाल घरी पहिल्या दिवसापासून जमली असती असे ज्याला वाटते, त्याने ती केलेली नाही.

यापुढच्या तपासण्यांबद्दलही आताच लिहून ठेवते, कारण त्याही ‘नेहमीची दंततपासणी’ म्हणून नाकारल्या जातील अशी मला भीती आहे. भुरीचा जबडा अजून वाढतो आहे. मोडलेली बाजू कमी वाढली तर खालचा सुळा वर टाळूत रुतू शकतो. फ्रॅक्चरच्या रेषेतला पक्का दात आत अडकून राहिला तर त्याभोवती गाठ होऊन हाड पोखरले जाऊ शकते. पक्के दात सहा-सात महिन्यांपर्यंत येत राहतात, तोपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवणे हा याच अपघाताच्या उपचाराचा भाग आहे.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही एक्स-रे, डिस्चार्ज पेपर आणि सर्जनांचे पत्र एकत्र पाहून दाव्याचा फेरविचार करावा. आपल्या पत्राखाली केवळ ‘मेडिकल टीम’ असे आहे. नवे मत भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणी असलेल्या आणि प्राण्यांच्या हाडांचे किंवा तोंडाचे काम करणाऱ्या पशुवैद्याचे असावे, आणि ते त्यांच्या नाव व नोंदणी क्रमांकासह मला लेखी मिळावे. शस्त्रक्रिया, दोन्ही वेळची भूल, इस्पितळातील मुक्काम आणि औषधे यांची पूर्ण रक्कम मंजूर करावी. पक्के दात येईपर्यंतच्या तपासण्या याच दाव्यात धरल्या जातील असे लेखी कळवावे.

एका महिन्यात समाधानकारक उत्तर आले नाही तर विमा लोकपाल नियम, २०१७ प्रमाणे मी मुंबईच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे तक्रार करीन, गोवा त्यांच्याच कक्षेत येतो. सर्व कागदांच्या प्रती पुन्हा जोडल्या आहेत. पहिला एक्स-रे मुद्दाम सर्वांत वर ठेवला आहे.

आपली,
पॉलिसीधारक
डिचोली, गोवा