अण्णांस, गुणांच्या तक्त्याबद्दल

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

चाचणीचे गुण लागले आणि या खेपेला एकही पोरगं "मॅडम, माझी रीत तर बरोबर होती" म्हणत स्टाफरूमच्या दारात आलं नाही. हे तुमच्यामुळे, म्हणून आभार चारचौघांत मानते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचे हिशेब सांभाळणाऱ्या माणसाचा फिजिक्सच्या पेपरशी काय संबंध? पण उत्तरं ताडून गुण देणारा माझा एक्सेलचा तक्ता बघून तुम्हीच विचारलंत, "ओपनिंग बॅलन्स चुकला, पण खालची बेरीज बरोबर आहे, तर कारकुनाला कितीदा बोलणार?"

इतर शिक्षकांसाठी उदाहरणच देते. ४ आणि १२ ओहमचे रोध समांतर, बॅटरी ६ व्होल्टची. (अ) एकूण रोध ३ ओहम, (ब) धारा २ अँपिअर, (क) शक्ती १२ वॅट. एखाद्याने जोडणी एकसर धरली की त्याचं येतं १६, ०.३७५ आणि २.२५. ठरलेल्या उत्तरांशी ताडलं तर तिन्ही चूक. अण्णांच्या फॉर्म्युल्यात (ब) ताडायचं ते ६ भागिले त्याच पोराच्या (अ)शी, आणि (क) त्याच्याच (ब)च्या सहापटीशी. गुण फक्त (अ)चे जातात. (समांतर जोडणीत रोध १२ पेक्षा मोठा आला तरी पोराला खटकत नाही, याचा राग मला आहेच. म्हणून (अ)ला गुण जास्त ठेवलेत.)

अ‍ॅब्सने (हे फंक्शन उणे चिन्ह पुसतं) फरक काढून दोन टक्के सूट दिली, म्हणजे ०.३८ लिहिणाराही बसतो. या दोन टक्क्यांचा आकडा एका सेलमध्ये ठेवून तो सेल फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह लावून बांधला, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना तोही घसरतो. आणि तुमची खरी नजर दिसली ती एका कोऱ्या ओळीत. पोराने (ब) आणि (क) दोन्ही सोडलेले, तरी (क)चे पूर्ण गुण! कोरा सेल म्हणजे शून्य, आणि शून्याची सहापटही शून्यच. एक्सेलने इमानदारीत जुळवून टाकलं. "आधी इझब्लँक विचार, म्हणजे सेल कोरा आहे का ते, मग हिशेब," असं म्हणून तुम्ही चहा संपवलात. (अ) कोरं असलं की शून्याने भागाकार होऊन एरर येते, तीही त्यातच मिटली.

आता राहिलं एककाचं. आकडा बरोबर, पण पुढे अँपिअर लिहिलेलंच नाही, अशांचा अर्धा गुण कापावा की नाही, यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. रविवारी फाईल घेऊन येते, सोबत शेंगाचटणी. तुमच्याकडे बिलावर "नग" की "डझन" लिहिलं नाही तर काय करतात, तेवढं सांगा.

आपली,
शेजारच्या मॅडम