हेल्मेट झालं, घोट्याचं काय? : जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस,

सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. पंचवीस वर्षं झाली. अलीकडे पोरं गाडी लावतात आणि सांगतात, "काका, बटण टायर (मातीत पकड घेणारे जाड गोट्यांचे) घाला, मडगार्ड उंच करा." कुणाची एक्सपल्स असते, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी हिरोची गाडी; कुणी वडिलांच्या जुन्या गाडीची मोडतोड करून डर्टबाइक, म्हणजे मातीत पळवायची गाडी, बनवून मागतं. गाडीवर चाळीस हजार घालायला तयार, आणि पायात चप्पल. कोल्हापुरी असली तर वर मिरवतात.

माझ्या पुतण्याचं सांगतो. वय एकोणीस, तालमीतला गडी. पाऊस ओसरल्यावर पन्हाळ्यापलीकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, मित्रांबरोबर गेला. (फुलांच्या दिवसांत सड्यावर गाडी घालूच नये, हे त्याला नंतर वेगळं ऐकवलं.) डोक्यावर आयएसआयचं चांगलं हेल्मेट होतं. वळताना सवयीनं पाय खाली टेकवला, तो जांभ्याच्या खोबणीत अडकला आणि दीडशे किलोची गाडी त्याच्यावर आडवी झाली. फूटरेस्टचे दात कॅनव्हासच्या बुटातून आत गेले. घोट्याची दोन हाडं मोडली. एक प्लेट, सात स्क्रू. दवाखान्यात बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "हेल्मेट होतं म्हणून वाचला बघा." आता काय बोलणार! त्याचं डोकं जमिनीला टेकलंच नव्हतं. आज तो तालमीत जातो, कट्ट्यावर बसतो आणि दुसऱ्यांच्या बैठका मोजतो. त्याला स्वतःला उकिडवंही बसता येत नाही.

साहेब, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ डोक्यापाशी थांबतं, आणि तेही सार्वजनिक ठिकाणापुरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. रस्त्यासाठी ते ठीक आहे. पण खासगी माळावर, नांगरलेल्या शेतात, दोऱ्या बांधून केलेल्या तात्पुरत्या ट्रॅकवर पोराच्या अंगावर काय आहे, हे विचारायला कोणी नसतं.

आणि मातीतलं पडणं वेगळं असतं. वेग कमी, पण दिवसातून पाच वेळा पडायचं. पुढच्या गाडीचं मागचं चाक खडे उडवतं, ते बंदुकीतून आल्यासारखे छातीवर येतात; त्यासाठी छातीचं कवच. मातीतल्या हेल्मेटची हनुवटी पुढे आलेली असते, दम लागल्यावर श्वासाला जागा राहावी म्हणून. त्याला काच नसते, म्हणून गॉगल वेगळा लागतो. गुडघ्याला, कोपराला गार्ड, हातात मोजे. सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे बूट. खरा डर्टबाइकचा बूट गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येतो, नडगीवर कडक प्लॅस्टिकची पट्टी, बाजूला चार बकल, आणि घोटा पुढे-मागे हलतो पण आडवा वळत नाही. पहिल्यांदा घातला की पाय प्लॅस्टरमध्ये अडकल्यासारखा वाटतो. पोरं तेवढ्यावरच काढून ठेवतात. गिअर लागत नाही म्हणतात. आठवडाभर घातला की लागतो.

"मातीच हाय की, काय हुतंय?" हे मी रोज ऐकतो. कोल्हापूरकराला माती म्हटली की तालमीची माती आठवते. ती माती खणतात, चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद घालून लोण्यासारखी करतात. सड्यावरचा जांभा तसा नाही. आणि त्या लोण्यासारख्या मातीतही लंगोट कसल्याशिवाय कोणी उतरत नाही. आपलं खासबाग कुस्ती मैदान १९१२ सालचं. तिथं लंगोट कसला म्हणून कुणा पैलवानाला भित्रा म्हटल्याचं ऐकलंय का? मग कवच घातलेल्या पोरालाच "लई शायनिंग मारतंय" का म्हणायचं?

अंगावर सगळं असलं म्हणजे काही होत नाही, असं मी म्हणणार नाही. आपला सी. एस. संतोष, डकार रॅली या लांब पल्ल्याच्या खडतर शर्यतीत मोटारसायकलवर उतरलेला पहिला भारतीय, २०२१ च्या जानेवारीत सौदीच्या वाळवंटात पडला. डोक्याला मार लागला, डॉक्टरांनी त्याला औषधानं बेशुद्ध ठेवलं. त्या वर्षी डकारमध्ये एअरबॅगचं जॅकेटही सक्तीचं केलं होतं. एवढा जामानिमा असून ही वेळ आली, पण गडी घरी परतला. आमची पोरं टी-शर्टवर जातात.

पैशाचं कारण खोटं नाही. बूट, कवच, गार्ड मिळून गाडीच्या दोन-तीन हप्त्यांएवढे पैसे जातात, आणि वाढत्या वयाच्या पोराला दर वर्षी नवं माप. म्हणून माझं मागणं छोटं आहे. आपल्या कार्यालयाकडे मातीतल्या शर्यतीच्या किंवा रॅलीच्या परवानगीचा अर्ज आला, की परवानगीच्या पत्रात दोन ओळी घाला : हेल्मेट, गॉगल, छातीचं कवच, गुडघा-कोपराचे गार्ड आणि घोट्यावर येणारा कडक बूट असल्याशिवाय कुणालाही सुरुवातीच्या रेषेवर सोडायचं नाही. दुसरं, विभागीय क्रीडा संकुलात वेगवेगळ्या मापांचे वीसेक संच ठेवा, नाममात्र भाड्यानं द्या. हेल्मेट मात्र भाड्यानं देऊ नका. आतला थर्माकोल एकदाच चेपतो, आणि आधीच्यानं ते आपटलंय का, हे बाहेरून कळत नाही. आपल्या गावात चामड्याचं काम करणारे इतके कसबी हात आहेत, त्यांना एक बूट उकलून दाखवला तर ते काय करतील, हेही बघावंसं वाटतं. पण तो पुढचा विषय.

तपासायला माणूस कुठून आणायचा, असं कार्यालयातून विचारलं जाईल. मी येतो. रविवारी गॅरेज बंदच असतं. मानधन नको, गेटवर एक खुर्ची आणि चहा सांगा.

आपला,
उद्यमनगरातला एक मिस्त्री