पावती फाडली म्हणून सोपो तुमचा होत नाही

संपादक महोदय,

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या, रंगीत घरांच्या वस्तीत घरांसमोर चालणाऱ्या शूटिंगवर शुल्क लावा, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. मला ती मुळीच पटत नाही. गोव्यातल्याच पर्रा गावच्या पंचायतीने २०१९ मध्ये माडांच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांकडून १०० ते ५०० रुपये घ्यायला सुरुवात केली होती. ओरड झाली आणि शुल्क मागे घ्यावे लागले. ते बरेच झाले. रस्त्यावरून दिसणाऱ्या माडाचे पैसे कसले? घरांचेही तेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार वास्तूचा फोटो काढल्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. पिवळ्या-निळ्या भिंती लोकांनी खुशाल टिपाव्यात.

पण इथे खिडकीच्या गजांना मोबाईल टेकवून आतली खोली टिपली जाते. प्री-वेडिंगवाली नवरीमुलगी न विचारता बाल्कांवातल्या (दारापुढच्या ओसरीतल्या) सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, येऊन बसते. मिरच्या वाळत घातलेले सूप फ्रेममध्ये येते म्हणून कोणीतरी परस्पर बाजूला सारतो. शेजारच्या आजींना तर एकाने सांगितले, ‘आजी, दोन मिनिटं आत बसा ना.’ त्यांच्याच बाल्कांवात! हटकले की उत्तर तयार : ‘पब्लिक प्लेस आहे.’ अहो, रस्ता पब्लिक, पायरी नव्हे. उद्या शुल्क आले की ‘पैसे भरलेत’ म्हणतील. महापालिका रस्त्याची पावती देईल, माझ्या सोप्याची कशी देणार?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितले खरे, पण पोलिसाला कलम लागते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांपुरते, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ई गुप्तांगांच्या चित्रणापुरते. किनाऱ्यावर पोहणाऱ्या बाईचा लांबून झूम करून काढलेला फोटो बहुधा दोन्हींतून निसटतो. इतर पर्यटकांचे, विशेषतः पोहणाऱ्यांचे वा उन्हात पहुडलेल्यांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका, असे गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये बजावले होते. तीही नुसती सूचनाच.

तेव्हा शुल्काचा नाद सोडावा. व्यावसायिक शूटिंगच्या अर्जाला ज्या घरासमोर ते होणार त्या घरमालकाची लेखी संमती जोडणे सक्तीचे करावे आणि शनिवार-रविवारी गल्लीत एक पोलीस ठेवावा.

– एक रहिवासी, मळा, पणजी