चार बोटं

नागपूर, रविवार

प्रिय सुलू,

"फोनवरून कसली गं नर्सिंग?" असं तू विचारलंस. राग नाही आला, कारण सुरुवातीला मलाही तेच वाटायचं. जन्म वॉर्डात गेला आणि आता कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसायचं! गडचिरोलीकडची सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराची, घरं माझ्याकडे आहेत. गोळी घेतली का, पाणी पितोय का, ताप आहे का, हेच दिवसभर.

पण पानथरीचं सांगते. या आजारात लहान पोरांच्या पानथरीत, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत, अचानक रक्त साचतं, पोर पांढरंफटक पडतं, काही तासांत जिवावर बेततं. भामरागडकडच्या एका आईला मी व्हिडिओवर शिकवलं : गुडघे दुमडून निजव, बेंबीच्या खालून हलक्या बोटांनी डाव्या बरगडीकडे सरकत जा, कडा लागली की बरगडीपासून बोटं मोज. दोन बोटं भरली. मग रोज अंघोळीआधी मोजायची. ऑगस्टात रात्री फोन आला, "सिस्टर, आज चार बोटं. तळवेही पांढरे दिसून राहिले." फोटो मागितलाच नाही. मागे एकदा बल्बच्या पिवळ्या उजेडातल्या फोटोवर फसले होते. तिच्या बोटांवर विश्वास ठेवून १०८ ला फोन लावला. रक्त चढलं, पोरगा वाचला.

२०४७ पर्यंत सिकलसेल हटवायची मोहीम २०२३ मध्ये निघाली. तपासणी होते, कार्ड मिळतं, पण त्याचा अर्थ सांगत बसायला वेळ कुणाला? याच बाईला सासू म्हणायची, दोष तुझ्याच रक्तात. म्हणून फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांना चिंचोके घेऊन बसवलं. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही, म्हणून दोघांपुढे एकेक घासलेला (तो दोषाचा), एकेक साधा. डोळे मिटून दोघांकडचा एकेक उचलायचा. दोन्ही घासलेले आले तर आजार. चारात एकदा. सासू गप्प झाली, तेवढ्यात नवरा म्हणतो, "एकाला झाला, म्हणजे पुढचे तिघं सुटले ना?" कपाळावर हात मारला मी. नाही रे बाबा, चिंचोके परत मांडायचे आणि दर खेपेला नव्यानं उचलायचे! पुढच्या वेळी दिवस राहिले की लवकर कळव, पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, हेही सांगितलं.

आता आणखी आयांना पानथरी शिकवायची आहे, पण रेंज गेली की व्हिडिओ बंद. पहिल्या वर्षाच्या तुझ्या वहीत पोटतपासणीच्या आकृत्या होत्या बघ, माझ्याहून कितीतरी छान. सापडली तर पाठव. उंदरांनी खाल्ली असेल तर नव्यानं काढ, पण बोटं नीट दाखव.

तुझी,
मंदा